तीनचाकी किट कार : ही ओढ कसली, आणि पुढे तिचं काय होणार?

रानवारा (वूस्टरशर, इंग्लंड)

नमस्कार मंडळी.

तीनचाकी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रिक्षा येते : पुढे एक चाक, मागे दोन. मी ज्या गाड्यांबद्दल लिहितोय त्यांची रचना उलटी असते. पुढे दोन, मागे मधोमध एक. दोन माणसं दाटीवाटीने बसतील एवढी जागा, छप्पर नाही, बहुतेकींना दारं नाहीत, आणि कित्येकींचं इंजिन नाकापुढे उघड्यावर. ब्रिटनमध्ये चाळीसहून अधिक वर्षं लोक अशा गाड्या घरच्या शेडमध्ये जोडताहेत. किटवाला चॅसिस, फायबरची किंवा अ‍ॅल्युमिनियमची बॉडी आणि थोडे खास भाग देतो. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, ब्रेक हे सगळं एखाद्या जुन्या मोटारीतून किंवा मोटरसायकलवरून काढायचं. त्या गाडीला इथे डोनर म्हणतात, आपणही तोच शब्द वापरू.

या घराण्याचे मूळ पुरुष एच. एफ. एस. मॉर्गन. १९०९ मध्ये मॉल्व्हर्नला त्यांनी नळ्यांच्या हलक्या चॅसिसवर प्यूजोचं दोन सिलिंडरचं इंजिन बसवून पहिली तीनचाकी केली. १९१० च्या लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनात ती मांडली तेव्हा तिच्यात एकच सीट होती आणि मागणी बेताची आली. दोन सीटची केल्यावर धंदा उभा राहिला. १९१२ मध्ये ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर त्यांनी एका तासात साठ मैलांच्या अगदी जवळ अंतर कापलं. वजनाची ठरावीक मर्यादा पाळली तर तीनचाकीला कर कमी पडायचा, हेही तिच्या पथ्यावर पडलं. मग १९२२ मध्ये ऑस्टिन सेव्हन आली. चार चाकं, कुटुंब मावेल एवढी जागा, किंमत आवाक्यात. तिथून तीनचाकीचा बाजार उतरत गेला. मॉर्गनची जुनी तीनचाकी १९५२ मध्ये बंद झाली.

आता मला महत्त्वाचा वाटणारा भाग. ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर पर्चेस टॅक्स (खरेदी कर) होता, सुट्या भागांतून घरी जोडलेल्या गाडीवर नव्हता. किट कार वाढली ती याच सवलतीवर. १९७३ मध्ये सुट्या भागांनाही लागणारा व्हॅट आला आणि सवलत संपली. पैशाचं कारण संपल्यावर किट कारही संपायला हवी होती. पण तीनचाकी किटांची सगळी बहरलेली पिढी त्याच्या नंतरची आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी नॉरफोकमध्ये मोटो गुझ्झीचं इंजिन लावलेली ट्रायकिंग आली. ऐंशीच्या दशकात लोमॅक्स, त्या दशकाच्या शेवटी होंडा सीएक्स ५०० वर बांधलेली जेझेडआर. पुढे बीएमडब्ल्यूच्या के मालिकेचं इंजिन घेतलेली ग्रिनॉल स्कॉर्पियन, मग ब्लॅकजॅक, पेम्बल्टन. स्वस्त पडतं म्हणून कुणी हे करत असेल यावर माझा विश्वास नाही. तेवढ्या पैशांत बरी जुनी स्पोर्ट्स कार येते.

मग ओढ कसली? मी लोमॅक्स २२३ जोडली आहे, तिच्यावरून सांगतो. २२३ म्हणजे दोन सिलिंडर, दोन सीट, तीन चाकं. डोनर सिट्रोएन या फ्रेंच कंपनीची साधी छोटी मोटार, टू-सीव्ही. ६०२ सीसीचं इंजिन, २९ हॉर्सपॉवरच्या आसपास, हवेवर थंड होणारं. रेडिएटर नाही, वॉटर पंप नाही, पाण्याचा एकही होज नाही. गिअरचा दांडा डॅशबोर्डातून बाहेर येतो, ढकलायचा आणि ओढायचा. इंजिन पुढची दोन चाकं फिरवतं, मागचं चाक नुसतं मागोमाग येतं. सगळं वायरिंग एका कागदावर काढता येतं. गाडी पूर्ण झाली त्या दिवशी तिच्यातली एकही गोष्ट मला अनोळखी नव्हती. आवाज बदलला तर कुठून बदलला हे कळतं. पोटापाण्यासाठी मी आधुनिक मोटारींच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. तिथे एका गाडीत इतके कंट्रोलर असतात की सगळी गाडी कळणारा माणूस आमच्या इमारतीत एकही नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, त्या गाड्या सुरक्षित आहेत आणि चांगल्या आहेत. पण एक अख्खं यंत्र एका माणसाच्या डोक्यात मावावं ही भूक खरी आहे, आणि तीनचाकी किट ती भूक सगळ्यात कमी भागांत भागवते.

काळजीही आहे. टू-सीव्हीचं उत्पादन १९९० मध्ये पोर्तुगालमध्ये थांबलं. आता तिच्या जुन्या गाड्यांना एवढी किंमत येते की कापायला हात धजत नाही. जोडणारे बहुतेक निवृत्तीच्या वयाचे. किटवाल्यांचे धंदे एकदोन माणसांचे, तो माणूस थकला की साचे दुसऱ्याला विकले जातात नाहीतर पडून राहतात.

तुम्हाला काय वाटतं? आणि महाराष्ट्रात, जिथे प्रत्येक जिल्ह्याच्या गावी लेथ आहे आणि वेल्डर आहे, तिथे हे का रुजलं नाही?


आबा५२ (पुणे)

सुंदर लिहिलंत. रुजलं नाही असं मात्र नाही म्हणणार, रुजू दिलं नाही.

आमच्या लहानपणी पुण्यात टेंपो हॅन्सिएट धावायचे. बजाज टेंपोने जर्मन कंपनीच्या सहकार्याने १९५८ पासून इथे बनवले. पुढे लांब नाक, त्यात इंजिन, त्याच नाकाखाली एकुलतं चाक. मंडईचा माल, लग्नाचं सामान, गणपती, सगळं त्याच्यावर. त्याचं इंजिन उघडून बसलेला मिस्तरी हे नेहमीचं दृश्य होतं. रस्त्याच्या कडेला पाना घेऊन बसलेल्या माणसाला ते यंत्र पूर्ण कळायचं. तुम्ही म्हणता ती भूक आमच्याकडे रोजच्या रोज भागत होती.

मोटारीचं म्हणाल तर सत्तरच्या दशकात बंगलोरला सनराइज नावाच्या कंपनीने बादल आणली. फायबरची बॉडी, मागे टू-स्ट्रोक इंजिन, तीन चाकं, अगदी लहान मोटार. त्याच घरातून पुढे सिपानी डॉल्फिन आली, ती तुमच्या इंग्लंडच्या रिलायंट किटनवर बेतलेली. आणि इचलकरंजीचे शंकरराव कुळकर्णी! त्यांनी मीरा नावाची छोटी गाडी स्वतःच्या डोक्याने आणि हाताने बनवली, एकदा बनवून थांबले नाहीत, वर्षानुवर्षं सुधारत राहिले. ती कारखान्यातून कधीच निघाली नाही. त्या काळी मोटार काढायची तर दिल्लीचा परवाना लागायचा. हौशी माणसाने एक गाडी बनवून रस्त्यावर आणावी यासाठी सरकारच्या कागदात तेव्हा रकानाच नव्हता.


कोल्हापुरी_टर्नर

रानवारा भाऊ, फोटो टाका की. आणि मागच्या चाकाचं नीट सांगा. एकच आर्म असतो का दोन्ही बाजूंनी धरलेलं असतं मोटरसायकलसारखं? ब्रेक कुठं बसवता?

आमचा उद्यमनगरला लेथ आणि फॅब्रिकेशनचा धंदा आहे. तुमचं वर्णन वाचून हात शिवशिवायला लागलेत.


रानवारा

@कोल्हापुरी_टर्नर, दोन घराणी आहेत.

टू-सीव्हीवाल्यांत पुढची चाकं ओढतात, त्यामुळे मागे जोर लावायचं काम नाही. टू-सीव्हीचाच मागचा ट्रेलिंग आर्म (पुढच्या टोकाला बिजागरीसारखा फिरणारा, मागच्या टोकाला चाक धरणारा दांडा) घेऊन चाक मधोमध येईल असा बसवतात. एका बाजूने धरलेलं, साधं आणि मजबूत.

मोटरसायकल इंजिनवाल्यांत मागचं एकटं चाक गाडी ढकलतं. तिथे गुझ्झी, होंडा सीएक्स आणि बीएमडब्ल्यू का आवडते ठरले? या तिन्हींना साखळी नाही, शाफ्ट आहे. इंजिन नाकात ठेवायचं, मधून लांब शाफ्ट मागे न्यायचा, आणि मागच्या चाकाशी त्या मोटरसायकलचाच बेव्हल बॉक्स, म्हणजे शाफ्टचं फिरणं काटकोनात वळवून चाकाला देणारी गिअरची पेटी. ब्रेकही तिथलाच वापरता येतो. गुझ्झी आणि सीएक्स यांची इंजिनं आडवी असतात, दोन सिलिंडर डाव्या-उजव्या बाजूला वर डोकावतात, म्हणून ती नाकावर शोभतात, आणि हवेवर थंड होणाऱ्या गुझ्झीला वाराही बरोबर लागतो. या गाड्यांना पुष्कळदा रिव्हर्स गिअर नसतो. उतरायचं आणि ढकलायचं. चारशे किलोच्या आतबाहेर वजन असल्यामुळे जमतं.

आबा, इचलकरंजीच्या मीराबद्दल आणखी लिहा ना कधी. तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.


वैदेही_ना (नाशिक)

लेख आवडला, तरीही विरोधात लिहिते. मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. रिक्षा पलटी होऊन आलेले रुग्ण आम्ही नेहमी बघतो. कोपराखाली दाबला गेलेला हात, मांडीचं हाड, मणका. आता तुम्ही म्हणताय छप्पर नाही, दार नाही, वजन चारशे किलो. तुमच्या शेजारून ट्रेलर जातो तेव्हा तुमचं डोकं त्याच्या चाकाच्या पातळीला असतं. यंत्र समजण्याचा आनंद मला कळतो, मी रोज माणसाच्या सांध्यांचं तेच करते. पण तो आनंद रस्त्यावर न्यायलाच हवा का?


रानवारा

वैदेहीताई, पलटी आणि धडक हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरंही वेगळी.

आधी पलटी. जमिनीला टेकणारे तीन बिंदू जोडले की त्रिकोण होतो. गाडीचं वजन आणि वळणाचा जोर मिळून जी दिशा होते ती त्या त्रिकोणाबाहेर गेली की गाडी उलटते. रिक्षाचं टोक पुढे आहे. वळणावर ब्रेक दाबला की जोर पुढे, म्हणजे नेमका निमुळत्या बाजूला जातो. आमच्या गाड्यांत रुंद बाजू पुढे आहे आणि इंजिनही पुढे. ब्रेक दाबला की जोर रुंद बाजूकडे जातो. साधारण हिशेब असा की वजनाचा सत्तर टक्के भाग पुढच्या दोन चाकांवर असेल, तर तेवढ्याच रुंदीच्या आणि तेवढ्याच उंचीच्या चारचाकीच्या सत्तर टक्के स्थैर्य मिळतं. शिवाय बसायची जागा जमिनीपासून वीतभर, त्यामुळे गुरुत्वमध्य खाली. यातल्या चांगल्या गाड्या उलटण्याआधी घसरतात, आणि घसरणं चालकाला आधी कळतं. उलटणं कळत नाही.

ब्रिटनमध्येही तीनचाकीची बदनामी झाली ती रिलायंट रॉबिनमुळे, जिचं एकच चाक पुढे. एका गाजलेल्या टीव्ही कार्यक्रमात ती प्रत्येक वळणावर लोळताना दाखवली. कार्यक्रमाच्या सादरकर्त्यानेच नंतर लिहिलं की तिने लोळावं म्हणून गाडीत फेरफार केले होते. पण ते चित्र लोकांच्या डोक्यातून गेलं नाही ते नाहीच.

आता धडक. तिथे माझ्याकडे उत्तर नाही आणि मी देणारही नाही. या गाडीत तुम्ही मोटरसायकलस्वाराइतकेच उघडे आहात. मी हेल्मेट घालतो, मोटरवेवर जात नाही. जिथे लोक मोटरसायकल चालवतात तिथे ही चालवू द्यावी, एवढंच माझं म्हणणं.


दर्यावर्दी (फोंडा, गोवा)

सगळं ठीक, पण खड्ड्याचं काय? चारचाकीत खड्डा दोन चाकांच्या मधून काढता येतो. मोटरसायकल बाजूने निघते. या गाडीला तीन वेगळ्या रेषा. पुढची दोन्ही चाकं वाचवलीत की मधलं बरोबर खड्ड्यात. आमच्या घाटात पावसाळ्यात रस्त्याच्या मधोमध चिखलाची, तेलाची पट्टी असते, तीही त्याच चाकाखाली.


रानवारा

@दर्यावर्दी, अगदी नेमकं बोललात. हा दोष रचनेतच आहे, कुठलाही शॉकअप तो घालवत नाही. मागचं चाक ढकलणारं असेल तर ओल्या रस्त्यावर ते फिरतंही. म्हणून पावसाळी मुलखासाठी मी पुढून ओढणारीच सुचवेन. इथेही गावाकडच्या अरुंद रस्त्यांवर मधोमध गवत आणि खडी असते आणि सगळे तीनचाकीवाले त्याबद्दल बोलतात.


कोल्हापुरी_टर्नर

पुढून ओढणारी म्हणलात आणि डोक्यात उजेड पडला. मारुती ८००! तीन सिलिंडर, ७९६ सीसी, पुढची चाकं ओढतात, सगळं वजन नाकात. अख्खी गाडी साडेसहाशे किलोच्या आसपास. फायरवॉलच्या (इंजिन आणि बसायची जागा यांच्या मधल्या पत्र्याच्या) मागचं सगळं काढायचं, नळ्यांचं चॅसिस, मागे एक आर्म. इंजिन, गिअरबॉक्स, ड्राइव्ह शाफ्ट, स्टिअरिंग रॅक, पुढचे ब्रेक आहेत तसे. तीस वर्षं बनली ती गाडी, १९८३ ते २०१४. खेडोपाडी तिचे पार्ट मिळतात आणि कुठलाही मेकॅनिक डोळे झाकून खोलतो. पासिंग संपलेल्या गाड्या भंगारात चालल्यात. तुमची टू-सीव्ही म्हणजे आमची एट हंड्रेड बघा.

दुसरं डोनर बुलेटवाल्यांचं ६५० ट्विन. सत्तेचाळीस हॉर्सपॉवर, पण साखळी आहे. साखळी लांब न्यायची तर मधे जॅकशाफ्ट टाकावा लागेल. होतंय.


मुक्ता_अ (पुणे)

मी वाहन मंजुरीच्या क्षेत्रात काम करते. टर्नरदादा, तुमची मारुतीची कल्पना यंत्र म्हणून मला फार पटली. म्हणूनच आधी कायदा सांगते, नाहीतर कुणीतरी उत्साहात गाडी बनवेल आणि ती जप्त होईल.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीच्या कागदावर जे आहे आणि उत्पादकाने जे मूळ ठरवलं आहे त्याच्याशी विसंगत बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी घट्ट केलं. मारुतीचं चॅसिस कापून तीनचाकी केली तर ती त्या नोंदणीवर चालणार नाही. नवीन गाडी म्हणून नोंदवायची म्हटलं तर केंद्रीय मोटार वाहन नियमांचा नियम १२६ आड येतो. प्रत्येक नमुन्याची चाचणी एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत व्हायला हवी. ती व्यवस्था कारखान्यासाठी आहे. एका नमुन्याची चाचणी करायची आणि तशा हजारो गाड्या विकायच्या, म्हणजे खर्च वाटला जातो. एकच गाडी बनवणाऱ्याला तो परवडत नाही, आणि एकट्या गाडीसाठी वेगळी वाटही नाही.

ब्रिटनमध्ये ती वाट आहे आणि मला वाटतं की तिथली सगळी किट कार त्या एका वाटेवर उभी आहे. रानवारा, त्याबद्दल सविस्तर लिहाल?

एक आशेची बाजू. आपल्या कायद्याला किट ही गोष्ट परकी नाही. सीएनजी किट बघा. किटवाला मंजुरी घेतो, अधिकृत गॅरेजवाला बसवतो, आरटीओ नोंदणीपुस्तकात नोंद करतो. देशभर चाललंय. क्वाड्रिसायकल नावाचा छोट्या, हलक्या चारचाकींचा नवा वर्ग केला, २०१८ मध्ये तो खाजगी वापरालाही उघडला. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये व्हीए मालिकेची वेगळी नोंदणी आणली, वापरावर मर्यादा घालून. म्हणजे रकाने नव्याने आखता येतात. मागणारे हवेत.


रानवारा

मुक्ताताई, तुम्ही धाग्याचा कणाच पुढे आणलात. सविस्तर लिहितो.

इथे हौशी माणसाची एकटी गाडी तपासायची पद्धत १९९८ पासून आहे, तीनचाकींसाठी २००३ मध्ये मोटरसायकलच्या नियमांवर बेतलेली वेगळी चाचणी आली. मोटारींच्या चाचणीला आता वैयक्तिक मंजुरी म्हणतात. तुम्ही गाडी सरकारी केंद्रावर नेता. निरीक्षक ब्रेक यंत्रावर मोजतो, दिव्यांची उंची आणि कोन बघतो, आवाज मोजतो, आरसे, हॉर्न, पट्ट्यांचे अँकर, स्टिअरिंगच्या जोडण्या. आणि धारदार कडा. बाहेर आलेल्या प्रत्येक कडेला ठरलेली गोलाई हवी, माणसाला लागलं तर कापू नये म्हणून. पहिल्या खेपेला नापास होणाऱ्या गाड्या बहुधा या कडांवर अडतात. नापास झालात तर लेखी यादी मिळते, दुरुस्त करून परत जायचं.

मग नोंदणी. जुन्या डोनरची ओळख टिकवायची तर आठ गुण लागायचे. चॅसिसचे पाच, सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंग प्रत्येकी दोन, इंजिनचा एक. जुनी ओळख टिकली नाही आणि भागांचं वय सिद्ध होत नसेल तर क्यू अक्षराची नंबरप्लेट मिळते. ती बघितली की पोलिसाला, विमावाल्याला, पुढच्या गिऱ्हाइकाला लगेच कळतं की ही घरी जोडलेली गाडी आहे. लपवाछपवी नाही. ४५० किलोच्या आतल्या तीनचाकीला करही वेगळा, कमी.

चाचणीत गाडी धडकवून बघत नाहीत. वैदेहीताईंना हे खटकेल. पण निष्काळजी वेल्डिंग, मोकळी स्टिअरिंग जोडणी, एका चाकावर कमी लागणारा ब्रेक, या गोष्टी अनुभवी माणूस दोन-तीन तासांत पकडतो. मला ही व्यवस्था नागरिकावर विश्वास ठेवणारी वाटते. तू बनव, आम्ही तपासतो.


सुमेध_वि (ठाणे)

तुम्ही सगळे मागे बघताय. तीनचाकीचं भविष्य इलेक्ट्रिक आहे. अमेरिकेत अ‍ॅप्टेरा सौरऊर्जेवर चालणारी तीनचाकी आणतेय, पुढे दोन चाकं, थेंबासारखा आकार, हवेचा विरोध नगण्य. आपल्या मुंबईच्या स्ट्रॉम मोटर्सने २०२१ मध्ये आर-३ साठी बुकिंग घेतलं, तीही पुढे दोन मागे एक. पेट्रोलची आडवी इंजिनं संग्रहालयात जातील.


रानवारा

@सुमेध_वि, मोटर आणि बॅटरीला माझा मुळीच विरोध नाही. पण कारखान्याच्या तीनचाकी स्वप्नांचा इतिहास बघा. बकमिन्स्टर फुलर यांची डायमॅक्सिऑन, १९३३, तीनच गाड्या झाल्या. अमेरिकेतल्या एलिओने ६,८०० डॉलरच्या गाडीचं आश्वासन दिलं, हजारो लोकांनी पैसे भरून नाव नोंदवलं, गाडी उत्पादनात गेली नाही. अ‍ॅप्टेराची पहिली कंपनी २०११ मध्ये बुडाली, २०१९ मध्ये नव्याने उभी राहिली. खुद्द मॉर्गनने २०१६ मध्ये ईव्ही३ ही विजेची तीनचाकी दाखवली आणि ती बाजारात आणली नाही. २०११ मध्ये त्यांनी पुन्हा सुरू केलेली पेट्रोलची तीनचाकी २०२१ पर्यंत चालली, आता फोर्डचं तीन सिलिंडर इंजिन लावलेली सुपर ३ आहे. ती विकली जाते कारण मॉर्गनच्या मागे शंभराहून जास्त वर्षांचं गिऱ्हाईक आहे.

नवीन कारखाना काढायचा तर शेकडो कोटी लागतात, आणि तेवढे पैसे घालणारा माणूस दोन सीटच्या, छप्पर नसलेल्या गाडीवर थांबत नाही. किटवाल्याला वर्षाला वीस गिऱ्हाइकं पुरतात. म्हणून मला भविष्य लहान शेडमध्येच दिसतं, मग आत मोटर असो नाहीतर इंजिन.


सुमेध_वि

पटलं बऱ्यापैकी. मग विजेची किट का नाही? देशात नव्या तीनचाकींपैकी निम्म्याच्या आसपास आता विजेवर आहेत. म्हणजे काही वर्षांत ई-रिक्षांच्या जुन्या मोटरी, कंट्रोलर, डिफरन्शियल ढिगाने मिळतील. डोनर म्हणून याहून सोपं काय?


मुक्ता_अ

सुमेध, डोनर म्हणून मोटर उत्तम, पण जुनी बॅटरी घरी उघडून जोडण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. लिथियमच्या सेलला आग लागली तर ती विझवणं अग्निशमन दलालाही जड जातं. ब्रेक बरोबर लागतो की नाही हे निरीक्षक बघू शकतो. सेल आतून बिघडलाय का हे दोन तासांत बाहेरून कळत नाही. विजेची किट यायची तर बॅटरी सीलबंद, मंजूर, एका तुकड्यात यायला हवी. बाकी सगळं हाताने जोडा.


नंदिनी_सां (सांगली)

मी इथे फारशी लिहीत नाही. माझ्या वडिलांना लहानपणी पोलिओ झाला. त्यांच्या स्कूटरला मागे दोन जादा चाकं लावून घेतली होती, आमच्या गावातल्याच एका गॅरेजवाल्याने. ब्रेक आणि गिअरची जागाही त्यांच्या हाताला येईल अशी बदलून दिली. त्या स्कूटरवर ते कचेरीत जात आणि आम्हा बहिणींना शाळेत सोडत. अपंगांसाठी बदललेली गाडी म्हणून तिची रीतसर नोंद होती.

तुम्ही सगळे हौस म्हणून बोलताय, ते छानच आहे. पण एका माणसासाठी, त्याच्या शरीराच्या मापाने बनवलेली एकच गाडी तपासून पास करणारी सोय हवी असेल, तर ती सगळ्यात आधी अशा लोकांसाठी हवी. दोन चाकं पुढे असलेली, बसायला खाली, दार नसलेली गाडी वडिलांना स्कूटरपेक्षा किती सोपी गेली असती याचा मी वाचताना सारखा विचार करत होते.


वैदेही_ना

नंदिनी, तुझ्या पोस्टने माझा विचार थोडा हलवला. माझ्या रुग्णांपैकी कित्येक जण बाजूच्या चाकांच्या स्कूटरवर येतात आणि ती जोडणी कुणी, कशी केली हे कुणीच तपासलेलं नसतं. तपासणी असलेली व्यवस्था त्यांच्यासाठी सुरक्षितच ठरेल. हौशी गाडीबद्दलची माझी भीती तेवढीच आहे, पण एकेका गाडीच्या तपासणीच्या मागणीवर मी सही करेन.


रानवारा

नंदिनीताई, आभार. ब्रिटनमध्ये याची मोठी परंपरा होती. इन्व्हाकार नावाच्या निळसर तीनचाकी सरकारतर्फे अपंगांना दिल्या जात. एकच सीट, हँडलवर सगळी नियंत्रणं. सुरक्षेच्या कारणाने २००३ मध्ये त्या रस्त्यावरून काढल्या. दोष असतील त्यांच्यात, पण माणसाच्या शरीराप्रमाणे गाडी असावी हा विचार बरोबर होता. मला ही बाजू सुचली नव्हती आणि आता ती मला सगळ्यात वजनदार वाटते.


आबा५२

आणखी एक सांगतो. माझा नातू पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. त्यांची मुलं स्पर्धेसाठी दरवर्षी गाड्या बनवतात. खडबडीत रस्त्यांवरच्या गाड्यांची बाहा आहेच, शिवाय एफिसायकल नावाची स्पर्धा आहे, तिच्यात तीनचाकी दोन सीटची, पॅडल आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी करायची असते. चॅसिस वाकवतात, वेल्डिंग करतात, ब्रेकची गणितं करतात, रात्र रात्र जागतात. स्पर्धा झाली की गाडी कॉलेजच्या मागे गंजत पडते कारण ती रस्त्यावर आणता येत नाही. पुढच्या वर्षी तिच्याच नळ्या कापून नवी. मुक्ताताई म्हणतात ती मागणी करणारे हवेत, ते हे आहेत. शेकडो पोरं आहेत.


मुक्ता_अ

आबा, ही दिशा योग्य आहे. पहिली मागणी छोटी ठेवावी. विद्यार्थी आणि अपंग व्यक्ती यांच्यासाठी एकेका गाडीची तपासणी, वेगमर्यादा, वजनाची मर्यादा, वेगळ्या रंगाची नंबरप्लेट, विकण्यावर काही वर्षं बंदी. व्हीए नोंदणीचा मसुदा जसा आधी सूचनांसाठी जाहीर झाला होता, तसा मसुदा आपण लिहून मंत्रालयाकडे पाठवू शकतो. मी तांत्रिक परिच्छेद लिहिते. वैद्यकीय बाजू वैदेहीताई लिहितील का?


वैदेही_ना

लिहीन. बसण्याची उंची, आत शिरण्या-उतरण्याची पद्धत, हाताने ब्रेक दाबायला लागणारा जोर, एवढं तर नक्की. नंदिनी, तुझ्या वडिलांच्या स्कूटरवर काय काय बदललं होतं ते मला व्यक्तिगत संदेशात कळव.


कोल्हापुरी_टर्नर

मसुदा होईल तेव्हा होईल, मी आमच्या शेडच्या आवारापुरती एक बनवतोच. रस्त्यावर नेणार नाही, मुक्ताताई काळजी करू नका. शेजारच्या गॅरेजात पासिंग संपलेली एट हंड्रेड उभी आहे, मालकाशी बोलणं झालंय, कागद रद्द करूनच घेणार.

रानवारा भाऊ, एवढं सांगा : मागच्या आर्मचा पिव्हट चाकाच्या सेंटरपासून किती लांब ठेवू? आणि हँडब्रेक मागच्या एकट्या चाकावर पुरेल का?


रानवारा

आर्म आखूड ठेवू नका. आखूड असला की चाक वरखाली होताना व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) जास्त बदलतो आणि धक्का थेट पाठीत येतो. माझ्या गाडीचं माप शनिवारी घेऊन आकृतीसह टाकतो, मारुतीच्या वजनाप्रमाणे स्प्रिंग मात्र तुम्हाला वेगळी लागेल. आधी पुढचा अर्धा भाग चॅसिसवर बसवून दोन वजनकाट्यांवर वजन करा, आकडे इथे टाका, मग बघू.

हँडब्रेक मागच्या चाकावर चालेल, पण उतारावर नाक खाली करून उभी केली तर त्या चाकावरचं वजन कमी होतं आणि ते घसरू शकतं. टू-सीव्हीचा हँडब्रेक पुढच्या चाकांवर आहे, म्हणून आमचा प्रश्न सुटतो. मारुतीचा मागे आहे. तुम्हाला पुढच्या कॅलिपरला यांत्रिक लिव्हर जोडावा लागेल. लेथ तुमच्याकडे आहेच.